बैठकीत लिहा

मन्मथअप्पा गेल्याची बातमी फोनवर कुणाच्या तरी पोस्टमध्ये दिसली तेव्हा मी पोहे खात होतो. बातमीखाली पहिलं 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडलं आणि पाठोपाठ रांगच लागली. मी घास तसाच ठेवून बघत बसलो. दहा मिनिटांत एकेचाळीस जणांनी लिहिलं. पुण्याहून, ठाण्याहून, एकाने तर परदेशातून. कुणी हात जोडले, कुणी फूल ठेवलं, कुणी 'एका युगाचा अंत' वगैरे लिहिलं. मीही हात जोडले. एवढी माणसं एका वेळी, एका जागी, एका विषयावर गोळा झालेली मी कितीतरी वर्षांनी पाहत होतो. अप्पांनी हे पाहिलं असतं तर चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतं, "आत्ता आलात व्हय समदे?"

अप्पांचं राणीसावरगावात बसस्टँडजवळ छपाईचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका, निवडणूक आली की बॅनर. माणूस ठेंगणा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि त्याच्याच जोडीला दोरीने अडकवलेला चष्मा. घरी सहा पिढ्यांची शिवभक्ती. कोणी भेटलं की रामराम नाही, 'शरणार्थ'. निघताना 'जातो' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. 'येतो' म्हणायचे. दुसऱ्या कोणी चुकून 'जातो' म्हटलं तर त्याला पुन्हा बसवून 'येतो' म्हणायला लावायचे आणि मगच सोडायचे.

माझी त्यांची गाठ पडली ती धंद्यापायी. मी परभणीतल्या एका साप्ताहिकात मुद्रितशोधक आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरतो. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर नवे आले आणि जुने सगळे अंक एका दिवसात वाचता येईनासे झाले. ज्याला डीटीपीचा अनुभव आहे त्याला हे दुखणं माहीत असेल. पूर्वी प्रत्येक दुकानाचा मराठी फॉन्ट वेगळा असे. एका मशीनवर टाईप केलेला अग्रलेख दुसऱ्या मशीनवर उघडला की मराठीच्या जागी नुसता चिन्हांचा चिवडा. संपादकांनी आधी कॉम्प्युटरवाल्याला शिव्या दिल्या, मग सरकारला, मग मला. शेवटी कोणीतरी सांगितलं की राणीसावरगावला अप्पांकडे जा, त्यांच्याकडे इलाज आहे.

अप्पांनी माझी फाईल उघडली आणि जुना वर्गमित्र भेटावा तसे हसले. "ह्ये तर नांदेडच्या फॉन्टातलं हाय," म्हणाले. "रफार लई त्रास देतोय ह्याच्यातला. बसा. चहा सांगतो." चहा येईपर्यंत आमचा अग्रलेख शुद्ध मराठीत समोर उभा होता. त्यातल्या चुकांसकट.

हा इलाज म्हणजे 'सांधा'. अप्पांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम. मॅट्रिकनंतर शाळा सुटलेली, इंग्रजी पुस्तक मोठ्याने मराठी उच्चारात वाचत वाचत हा माणूस प्रोग्राम लिहायला शिकला. दोन बोटांनी टाईप करायचा. कोणत्याही फॉन्टातली मराठी सांधा आजच्या, कुठेही वाचता येणाऱ्या मराठीत आणून द्यायचा. आणि तो सगळ्यांसाठी उघडा होता. घ्या, वापरा, आत काय लिहिलंय ते बघा, चूक दिसली तर सुधारून परत द्या. मी विचारलं, "अप्पा, विकत का नाही?" तर म्हणाले, "इकत दिलं की घेणारा गप बसतोय. असंच दिलं की चुका दाखिवतोय. मला चुका पायजेत." मुद्रितशोधकाला याहून गोड वाक्य कोणी ऐकवलेलं नाही.

चुका दाखवणारी तीसेक माणसं हळूहळू जमली होती. छापखानेवाले, शिक्षक, दोन-चार इंजिनिअर. ती सगळी बसायची 'बैठकीत'. घरातल्या बाहेरच्या खोलीला आपल्याकडे बैठक म्हणतात, त्यावरून अप्पांनीच नाव दिलं. प्रत्यक्षात बैठक म्हणजे इंटरनेटवरचं एक साधं पान. दुकानाच्या काउंटरखाली, इन्व्हर्टरला खेटून एक जुना कॉम्प्युटर घरघरत असायचा, त्यातून ते चालायचं. पत्ता टाकला, आपलं नाव लिहिलं की आत. पासवर्ड नाही, फोन नंबर नाही, फोटो नाही. एकाने लिहिलं की त्याच क्षणी सगळ्यांना दिसायचं. कोणी अडलेला फॉन्ट घेऊन यायचा, पाच जण तुटून पडायचे, आणि संध्याकाळपर्यंत सांधाला नवीन अक्षर फुटलेलं असायचं. आत येताना 'शरणार्थ' आणि बाहेर पडताना 'येतो', हा कायदा तिथेही होता. ठाण्याचे एक जोशी तर इतके सरावले की ऑफिसच्या मिटिंगमधूनही 'येतो' म्हणून उठायला लागले.

आठवड्याच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाचला, बैठकीत निर्णय व्हायचे. मतदान वगैरे अप्पांना पटत नसे. त्यांची पद्धत सोयरिकीची होती. लग्न जुळवताना बोलणी संपली की कोणीतरी विचारतं, सुपारी फोडायची का? कोणी हरकत घेतली नाही की सुपारी फुटते, आणि मग मागे फिरणं नाही. अप्पा बैठकीत ठराव लिहायचे आणि खाली लिहायचे, 'सुपारी फोडू का?' मग दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बरोबर दहा मिनिटं थांबायचे. त्या दहा मिनिटांत एकाने जरी 'थांबा' लिहिलं तरी सगळं थांबायचं. कोणीच नाही लिहिलं तर अप्पा लिहायचे, 'फुटली.'

एकदा अशा दहा मिनिटांत मी दुकानातच होतो, अप्पांपासून दोन हातांवर, स्टुलावर. ठराव होता की सांधाने जुन्या मजकुरातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही आपोआप सुधाराव्यात. मी म्हटलं, "अप्पा, हे नको. ज्याने जे लिहिलं ते तसंच राहू द्या."

अप्पांनी मान वळवली नाही. "बैठकीत लिहा."

"अहो, मी इथे बसलोय तुमच्यासमोर!"

"तोंडी धरल्या जात न्हाई. तुमी हितं बोलणार, मी हितं ऐकणार. सलमाबाई मानवतला हायत, त्यांनी कसं ऐकावं? ज्येला हितं यायला जमत न्हाई त्येचा बी हक्क हाय का न्हाई?"

मी चरफडत खिशातून फोन काढला, बैठकीचा पत्ता टाकला, नाव लिहिलं, 'थांबा' लिहिलं. दोन हातांवरच्या पडद्यावर माझा 'थांबा' उमटला. तेव्हा कुठे अप्पा माझ्याकडे वळले आणि जणू मी आत्ताच दुकानात शिरलोय असे म्हणाले, "बोला भालेराव. काय दिक्कत हाय?"

या सलमाबाई म्हणजे मानवतच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई. सांधातलं निम्मं काम त्यांनी केलेलं, अप्पाच सांगायचे. जोडाक्षरांचं तर जवळजवळ सगळंच. अप्पांनी त्यांना पाहिलेलंही नव्हतं, पण दुकानात कुणी नवीन आलं की "आमच्या सलमाबाई" असा विषय निघायचाच. आणि दुसरा प्रसाद. मूळचा परभणीचा, पुण्यात चांगल्या नोकरीला, हुशार, तोंडाने जरा तिखट. अप्पा त्याला 'आमचा तोफखाना' म्हणायचे.

एका दिवाळीला प्रसाद लॅपटॉप घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, "अप्पा, बैठक आता बदलावी लागंल."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. राणीसावरगावची वीज गेली आणि इन्व्हर्टर दमला की बैठक बंद पडायची. मागच्या श्रावणात दोन दिवस बंद होती, आणि नेमका तेव्हाच लातूरचा एक छापखानेवाला दुर्मिळ फॉन्ट घेऊन आला होता. दार बंद बघून गेला तो परत आलाच नाही. नव्या पोरांना बैठकीचा पत्ताच सापडत नसे. प्रसादने दुसरी जागा दाखवली. मोठ्या कंपनीची, चोवीस तास चालणारी, जांभळ्या रंगाची. विषयवार खोल्या, जुनं बोलणं शोधायची सोय, फोटो, आवाज, सगळं. मला तर बघताक्षणीच आवडली.

अप्पांनी एकच प्रश्न विचारला. "वजन किती?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पत्रिकेचा कागद तळहातावर घेऊन किती ग्रॅमचा ते बिनचूक सांगायचे, आणि प्रोग्रामच्या बाबतीतही त्यांना पहिल्यांदा वजनच लागायचं. त्यांनी ते जांभळं स्वतःच्या फोनवर उतरवायला घेतलं. चहा आला, प्यालो, दुसरा आला, तोही गार झाला, तरी ते उतरतच होतं. उतरलं तेव्हा फोन बंद पडला.

"बघ," अप्पा म्हणाले. "आत यायला येवढं वझं डोक्यावर घ्यावं लागायलंय. खेड्यातला मानूस दारातच बसंल की."

"अप्पा, आता समद्यांकडं चांगले फोन हायत."

"समद्यांकडं म्हंजे तुझ्याकडं."

प्रसाद हसला, पण त्याला ते लागलं. मग तिसरी बाजू निघाली. बाकीचे म्हणाले, दोन्ही नको, सगळ्यांच्या फोनवर असतोच तो साधा ग्रुप काढू, नंबर टाकला की झालं. हे अप्पांना अर्धंमुर्धं पटत आलं होतं, कारण त्याला वजन नव्हतं. तेवढ्यात सलमाबाईंनी बैठकीत लिहिलं की माझा नंबर सगळ्यांना दिसणार असेल तर मी नाही. मागे शिक्षकांच्या एका ग्रुपवर नंबर गेला होता, सहा महिने अनोळखी माणसांचे फोन येत होते, शेवटी कार्ड बदलावं लागलं. अप्पांनी त्याच मिनिटाला लिहिलं, 'लेकीचा नंबर मी चौकात लावत न्हाई. हा विषय संपला.' एरवी दहा मिनिटं थांबणारा माणूस त्या दिवशी एक मिनिट थांबला नाही.

विषय मात्र संपला नाही. वर्षभर चालला. एका जागी बसून गप्पा मारायच्या कुठे, यावर माणसं वर्षभर भांडू शकतात हे मला खोटं वाटलं असतं, पण मी पाहिलं. फॉन्टचं काम मागे पडलं. बैठकीत कोणी अडलेलं अक्षर घेऊन आलं तरी त्याला उत्तर मिळायचं की आधी जागेचं ठरू द्या.

शेवटी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी ठराव मांडला. 'बैठक आहे तितंच राहील. मी नवीन इन्व्हर्टर घेतो. सुपारी फोडू का?' दहा मिनिटं थांबले. कोणी 'थांबा' लिहिलं नाही. 'फुटली.' आणि मला फोन आला. आवाज असा की घरात लग्न ठरलंय. "भालेराव, बिनविरोध झालं! येक बी आडवा आला न्हाई. प्रसाद सुदिक गप बसला. भजे मागवलेत, या."

मी काय बोलणार? त्या दहा मिनिटांत प्रसाद गप बसला नव्हता. तो जांभळ्यावर होता, आणि तिथे त्याने स्वतंत्र मतदान लावलं होतं. बैठकीतली बहुतेक माणसं त्या वेळी तिकडे होती. मीही तिकडेच होतो. अप्पांची सुपारी फुटताना मी जांभळ्याच्या बाजूने मत देत होतो. फोनवर मी एवढंच म्हटलं, "बरं झालं अप्पा."

खरं सांगितलं ते सलमाबाईंनी. त्यांनी लिहिलं, 'अप्पा, आज पाचला बैठकीत फक्त तुम्ही आणि मी होतो.' त्यावर अप्पांचं उत्तर मी नंतर वाचलं. 'मग दोघांत बिनविरोध झालं म्हणायचं.'

जांभळ्यावरच्या मतदानात जांभळं जिंकलं. चार दिवसांनी बाकीच्यांनी फोनवर ग्रुप काढलाच आणि मत घेतलं, तिथे ग्रुप जिंकला. चहाच्या टपरीवर उभं करून 'चहा घेणार का' विचारल्यासारखंच होतं ते. एका समाजाच्या तीन वाटण्या झाल्या आणि प्रत्येक वाटणीकडे बहुमताचा कागद होता.

इथे दुसरा कोणी असता तर रुसून बसला असता. अप्पा दोन महिने दुकान सांभाळून काहीतरी लिहीत राहिले आणि एके दिवशी जाहीर केलं की आता कुणीच कुठं जायचं न्हाई. त्यांनी पूल बांधला होता. तिन्ही जागांना जोडणारा प्रोग्राम. जांभळ्यावर लिहिलेलं बैठकीत दिसणार, बैठकीतलं ग्रुपवर, ग्रुपवरचं जांभळ्यावर. सलमाबाईंचा नंबर कुणाला दिसणार नाही, प्रसादला त्याच्या खोल्या मिळतील, खेड्यातल्या माणसाला वजन नाही. मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही तर कमाल केलीत." तर म्हणाले, "सांधायचंच तर काम करतो की मी जलमभर."

पुलाची एक अडचण होती. सगळे निरोप अप्पांच्या कॉम्प्युटरवरून फिरायचे, त्यामुळे पलीकडच्या जागी ते अप्पांच्या नावाने उमटायचे. पुढे कंसात बारीक अक्षरात खरं नाव. पण बारीक अक्षर वाचतो कोण! लोकांना वाटायचं, अप्पा दिवसभर एकटेच बडबडतायत, स्वतःच प्रश्न विचारतायत आणि स्वतःच उत्तर देतायत. पहिले काही दिवस आम्ही त्यावरून खूप हसलो.

मग एका दुपारी सलमाबाईंनी जोडाक्षरांच्या कामाला उशीर का होतोय म्हणून विचारलं. जांभळ्यावरून उत्तर आलं, 'बाईंना एवढी घाई असेल तर शाळेतल्या पोरांकडून करून घ्या, आम्हाला नोकऱ्या आहेत.' लिहिलं प्रसादने. बैठकीत उमटलं अप्पांच्या नावाने.

थोड्या वेळाने सलमाबाईंनी 'येते' लिहिलं आणि बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, आठवड्याने नाहीत. अप्पांना उलगडा झाला तेव्हा ते पांढरे पडले. सगळं बोलणं त्यांनी छापून घेतलं, प्रसादच्या नावाखाली लाल रेघ मारली आणि मला सोबत घेऊन एसटीने मानवत गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा ते सलमाबाईंना भेटत होते. बाईंनी चहा केला, कागद वाचला, आणि नीट घडी करून परत दिला.

"अप्पा, तुम्ही नाही लिहिलं, हे पटलं मला. कागद नसता आणला तरी पटलं असतं."

"मग या बैठकीत. तुमी न्हाई तर जोडाक्षर वाऱ्यावर हायत."

बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही, पण कोणीतरी लिहिलं ना. आणि बाकीच्या सगळ्यांनी वाचलं. तीस माणसं होती. मी दहा मिनिटं थांबले अप्पा, घड्याळ लावून. एकानेही 'थांबा' लिहिलं नाही. तुमच्याच कायद्याने सगळ्यांना कबूल झालं की."

अप्पांनी मान खाली घातली. मीही घातली, कारण त्या तिसांत मीही होतो. मी ते वाक्य वाचलं होतं, जरा जास्तच झालं असं मनात म्हटलं होतं, आणि पुढे सरकलो होतो. दारात निघताना अप्पांनी वाकून 'शरणार्थ' म्हटलं. बाईंनी हात जोडले. परतीच्या एसटीत मी खिडकीतून बाहेर बघत होतो, म्हणजे बघण्याचं सोंग करत होतो.

त्यानंतर जे झालं ते सांगण्यासारखं काही नाही. भांडण झालं असतं तर निदान आवाज तरी झाला असता. प्रसादला मुलगी झाली, मग त्याची बदली झाली, मग तो दिसेनासा झाला. फोनवरच्या ग्रुपमध्ये वाढदिवस आणि सुप्रभात सुरू झालं. पूल इमानदार, त्याने ती सगळी फुलं बैठकीत आणून टाकली. लोकांनी आवाज बंद करून ठेवले. अडलेला फॉन्ट घेऊन कोणी आलाच तर तो तिन्ही जागी विचारायचा, आणि तिन्ही जागी अप्पाच उत्तर द्यायचे. रोज सकाळी दहाला दुकान उघडलं की अप्पा बैठकीत 'शरणार्थ' लिहायचे. पूल ते जांभळ्यावर न्यायचा, ग्रुपवर न्यायचा. अप्पांच्या पडद्यावर तीन खिडक्या उघड्या असायच्या आणि तिन्हींत अप्पांचंच 'शरणार्थ'. मी एकदा विचारलं, "उत्तर येतं का?" तर म्हणाले, "पूल चालू हाय का बघायलोय." दुरुस्ती सांगितल्यासारखं म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

शेवटचं त्यांना पाहिलं ते दुकान रिकामं होत असताना. डोळे अधू झाले होते, लातूरची लेक न्यायला येणार होती. दुकान एका मोबाईल कव्हरवाल्याने घेतलं होतं. आमच्या साप्ताहिकाचे राहिलेले अंक घ्यायला मी गेलो तेव्हा भिंतीवर फक्त घड्याळ होतं आणि काउंटरखाली तो घरघरणारा कॉम्प्युटर. स्टूल माझ्यासाठी ठेवलं होतं.

पाच वाजले. अप्पा पडद्याला नाक लावून दोन बोटांनी लिहायला लागले. मी वाकून वाचलं. 'बैठक आज बंद करावी म्हणतो. पूल बी. सुपारी फोडू का?' एंटर दाबलं. तिन्ही खिडक्यांत ते उमटलं.

"अप्पा, थांबा," मी म्हटलं.

अप्पा वळले नाहीत. "बैठकीत लिहा."

मी फोन काढला. जांभळं उघडायला गेलो तर ते नव्हतंच. दोन महिन्यांपूर्वी फोनमध्ये जागा होत नाही म्हणून मीच काढून टाकलं होतं. ग्रुपमधून तर त्याच्याही आधी बाहेर पडलो होतो, सुप्रभातला कंटाळून. मी जांभळं पुन्हा उतरवायला लावलं. राणीसावरगावचं नेटवर्क. फोनवरचा गोल फिरत राहिला. पाच टक्के, नऊ टक्के. मी फोन दाराकडे धरला, वर धरला. "येतंय अप्पा, येतंय," म्हणत होतो. घड्याळाचा काटा पाच दहावर आला तेव्हा एकतीस टक्के झाले होते.

अप्पांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे घड्याळ पाच मिंट पुढं हाय. मुहूर्तासाठी ठेवलंय तसं. आजून पाच मिंट हायत."

घड्याळ पुढे असलं तरी दहा मिनिटं दहाच असतात. चुका काढून पोट भरणाऱ्या मला ते कळलं, आणि त्यांना तर नक्कीच कळत होतं. आम्ही आणखी पाच मिनिटं थांबलो. एरवी त्या वेळात अप्पांची नजर पडद्यावरून हलत नसे. त्या दिवशी ते पडद्याकडे बघतच नव्हते, माझ्या हातातल्या फोनकडे बघत होते. मला वाटलं, टक्के बघतायत.

बावन्न टक्क्यांवर त्यांनी लिहिलं, 'फुटली.' मग खाली 'येतो.' काउंटरखाली हात घातला आणि ती घरघर थांबली. दुकानात इतकं शांत असतं हे मला माहीत नव्हतं. मी निघालो तेव्हा ते अंधुक डोळ्यांनी घड्याळ काढायला खिळा चाचपत होते. "या भालेराव," म्हणाले. "बस जाईल."

गंगाखेड गेलं, पोखर्णीच्या फाट्याजवळ खिशात फोन वाजला. जांभळं उतरलं होतं. मी ते उघडलं नाही, कारण त्याच वेळी माझ्या ध्यानात आलं. बैठकीला जांभळं कधी लागतच नव्हतं. फोनवर पत्ता टाकायचा, नाव लिहायचं की आत. दुकानात त्याच स्टुलावर बसून मी पूर्वी एकदा तसाच 'थांबा' लिहिला होता. पंधरा मिनिटांत ते मला आठवलं नाही.

अप्पांना ते माहीत होतं. 'बैठकीत लिहा' याच्यापुढे काही सांगणं त्यांच्या कायद्यात बसत नव्हतं. म्हणून ते पंधरा मिनिटं माझ्या हाताकडे बघत बसले होते.